सकाळची त्याची, संध्याकाळची तिची

भागूबाईवर कुठे वाट बघत बसायची पाळी आली की ती शेजारच्या बाईला तिचं माहेर विचारते, आणि मग त्या माहेरात आपलं कोणीतरी नातेवाईक शोधून काढते. नगरच्या सरकारी दवाखान्यातल्या लांब बाकावर गेल्या बारा वर्षांत तिने अशा किती मावसबहिणी आणि चुलतसासवा गोळा केल्या, त्याला गणती नाही. पण त्या दिवशी शेवगावकडची एक बाई आपणहून बोलायला आली तरी भागूबाईने नुसती मान हलवली. पलीकडे बसलेल्या पुंजारामने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तेवढ्यावरून ओळखलं की बायको घाबरली आहे.

घाबरायचं कारण तसं साधंच होतं. पुंजारामला महिनाभर खोकला होता. डॉक्टरांनी थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला, क्षय काही निघाला नाही. तरी ते म्हणाले, एकदा पेशी मोजून घेऊ. पुंजाराम हो म्हणाला आणि दंड पुढे करून मोकळा झाला. भागूबाई मात्र मनात हिशेब करत बसली. पेशी मोजून सहा-सात वर्षं झाली होती. औषध लागू पडलं आणि माणूस टुणटुणीत झाला की पेशी वारंवार मोजत नाहीत. वर्षातून एकदा रक्तात विषाणू किती आहे तेवढं बघतात आणि पाठीवर हात ठेवून घरी पाठवतात. आता पुन्हा पेशी म्हटल्यावर तिला ते जुनं वर्ष आठवलं. त्या वर्षी पुंजारामच्या पेशींचा आकडा घसरत होता आणि घसरण्याचं कारण भागूबाईच्याच तोंडून निघालं होतं. निदान ती तरी तसंच समजून होती, आणि ही गोष्ट तिने आजवर कोणाला सांगितली नव्हती.

त्याचं असं झालं. तिसगावच्या पुढे, डोंगराच्या अंगाला त्यांची वस्ती आहे. जमीन पाच एकर, त्यातले तीन एकर दगड. बाजरी आली तर आली. दिवाळी झाली की अख्खी वस्ती कुलपं लावून ऊसतोडीला जायची. पुंजाराम आणि भागूबाई लग्नाच्या पहिल्या वर्षापासून वाल्मिक मुकादमाच्या टोळीत कोपरगावकडे जात. ज्यांनी ऊसतोड जवळून पाहिली नाही त्यांना म्हणून सांगतो, तिथे नवरा-बायको ही दोन माणसं नसतात. दोघं मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत नाव एकाचं, पण नवरा तोडणार, बायको पाचट काढून मोळी बांधणार आणि गाडी दोघं मिळून भरणार. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कोणी घेत नाही. सोळा-सतरा हंगाम असं राहिलं की माणसाला सगळं अर्धं-अर्धं करायची सवय लागते. पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, एक ताट, एक चहाचा कप आणि त्याची बशी. कप त्याचा, बशी तिची. भाकरी मोडली की मोठा तुकडा कोणाचा, यावरून रोज थोडी वादावादी व्हायची, आणि ती दोघंही उलट्या बाजूने करायची.

दोन हजार तेराच्या हंगामात पुंजाराम खंगायला लागला. जेवण जाईना, तोंडात पांढरा थर, रोजचा बारीक ताप. मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढताना त्याचे पाय लटलट कापायचे. मुकादमाने एक-दोनदा खाजगी डॉक्टरकडून सलाईन लावून आणलं. सलाईनने काय होतंय. शेवटी कोपरगावच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, मग तिचंही तपासलं, आणि दोघांनाही एचआयव्ही निघाला. मुलगी ज्ञानेश्वरी तेव्हा बारा वर्षांची, गावाकडे आजीपाशी होती. तिची तपासणी स्वच्छ आली. त्या दिवशी भागूबाईने दवाखान्याच्या आवारातल्या लिंबाखाली बसून पोटभर रडून घेतलं, आणि ते निम्मं आनंदाचं होतं.

हे दुखणं कुठून आलं, कोणी आणलं, असं विचारणारे लोक असतात. विचारोत बापडे. भागूबाईने नवऱ्याला एकदाच विचारलं. तो खाली मान घालून बसला. तिने अकरा दिवस अबोला धरला. त्यातले तीन दिवस तो तापाने फणफणत होता, म्हणून ते धरायचे नाहीत, असं ती म्हणते. बाराव्या दिवशी तिने त्याच्यापुढे चहाची बशी ठेवली आणि तो विषय संपवला. तिने जे संपवलं ते उकरणारे तुम्ही-आम्ही कोण?

मग नगर. तिथे गोळ्या मिळतात असं कळलं होतं. तिथे पहिल्यांदा त्यांनी पेशी हा शब्द ऐकला. दोघांच्याही दंडातून रक्त घेतलं, आणि दुसऱ्या खेपेला राजेश्वरी मॅडमनी, म्हणजे समुपदेशन करणाऱ्या बाईंनी, दोन चिठ्ठ्या समोर ठेवल्या. पुंजारामचा आकडा एकशे अठरा. भागूबाईचा चारशे चार. त्या काळी नियम असा होता की आकडा साडेतीनशेच्या खाली गेला तरच गोळ्या सुरू करायच्या. पुंजारामला साठ गोळ्यांची बाटली मिळाली, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. भागूबाईला मिळालं एक हिरवं कार्ड आणि सहा महिन्यांनी परत यायचा सल्ला. मॅडमनी नीट समजावलं होतं, की तुमच्या पेशी चांगल्या आहेत, घाबरू नका. पण आजार सारखाच आणि औषध एकालाच, हे काही भागूबाईच्या गळी उतरेना.

पुढचं सगळं घडलं ते एसटी स्टँडवर. पाथर्डीची गाडी लागायला वेळ होता. पुंजाराम बाटली उलटसुलट करून बघत होता. भागूबाईच्या मनात काय होतं देव जाणे, पण तोंडातून निघालं ते असं.

"तुमाला दिल्या, मला न्हाई. म्हंजी तुमी जगायचं आन् म्या मागं राहून मरायचं व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजारामने आपली गोळी घेतली. संध्याकाळी बाटली उघडली, एक गोळी तळहातावर घेतली आणि भाकरीचा तुकडा द्यावा तशी तिच्यापुढे धरली. सकाळची माझी, संध्याकाळची तुझी, एवढंच म्हणाला. तिने घेतली. नको म्हणायला हवं होतं हे तिला पुढे हजारदा वाटलं, पण त्या संध्याकाळी तिला फक्त बरं वाटलं. एका कोयत्याला आलेली वस्तू दोघांत वाटली, यात तिला वावगं काही दिसलंच नाही.

असं वर्षभर चाललं. आणि गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, कोणाला काही कळायचं कारणच नव्हतं. राजेश्वरी मॅडम मोठ्या शिस्तीच्या. दर महिन्याला बाटली पालथी करून गोळ्या मोजायच्या. साठच्या साठ संपलेल्या. एकही गोळी चुकली नाही ना, असं विचारायच्या, आणि एकही न्हाई चुकली, असं पुंजाराम छातीठोकपणे सांगायचा. ते खरंच होतं. मॅडम बाकावरच्या इतर लोकांना त्याचं उदाहरण द्यायच्या, की बघा, ऊसतोडीचा माणूस, पण गोळी कशी वेळेवर घेतो. पुंजारामची मान ताठ व्हायची. रेशनचं धान्य घरात नेल्यावर ते कोणी किती खाल्लं, हे रेशनवाला विचारतो का? तसंच हे, असं दोघं धरून चालले होते.

सहा महिन्यांनी त्याचा आकडा आला एकशे एकतीस. डॉक्टर म्हणाले, हळूहळू वाढेल. वर्षाने आला शहाण्णव. आता मात्र डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. क्षय तपासला, काविळीच्या तपासण्या केल्या, दारूचं विचारलं. पुंजारामचं वजन एक्केचाळीस किलोवर आलं होतं. रस्त्यावरच्या चढाला तो मध्ये दोनदा बसायचा. भागूबाई मारुतीला नारळ बोलली, उपास धरले, आणि रोज संध्याकाळी आपल्या वाटची गोळी नेमाने गिळत राहिली.

हे उघडकीला आणलं ते डॉक्टरांनी नाही आणि मॅडमनीही नाही. रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या यंत्रावर सुनील नावाचा तंत्रज्ञ होता. तिशीचा, कमी बोलणारा, डोळ्याला जाड चष्मा. त्याच्यासमोर त्या दिवशी नवरा-बायकोच्या चिठ्ठ्या एकापाठोपाठ एक आल्या आणि तो थबकला. औषध खाणाऱ्याचा आकडा खाली चालला होता, आणि औषध न खाणारीचा वर. भागूबाईच्या पेशी चारशे चारवरून चारशे छप्पन आणि आता पाचशेला टेकल्या होत्या. या आजारात औषधाशिवाय असं सहसा होत नाही. दुसरा कोणी असता तर यंत्राची चूक म्हणून सोडून देता. सुनीलने रक्त पुन्हा लावून पाहिलं. आकडे तेच आले.

तो चिठ्ठ्या घेऊन बाहेर आला आणि बाकावर पुंजारामशेजारी बसला. कोयता कुठे असतो म्हणून विचारलं. कोपरगावकडं, पुंजाराम म्हणाला. सुनील म्हणाला, त्याचे आई-वडीलही त्याच बाजूला जायचे आणि तो स्वतः सातवीपर्यंत कोपीतच वाढलाय. मग त्याने विचारलं.

"मामा, तुमचा कोयता एक, ताट एक, चहाचा कप एक. मग गोळ्यांचं कसं करता?"

पुंजाराम जरासुद्धा न अडखळता म्हणाला, "सकाळची मी घेतो, सांजची ही घेती. समदं निम्मं-निम्मं."

सुनीलने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिला. त्याच्या तोंडाकडे बघून भागूबाईला कळलं की काहीतरी फार मोठं चुकलंय.

डॉक्टरांसमोर उभं केलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, ही कल्पना कोणाची? दोघं एकदमच बोलले, "माझी." डॉक्टर चिडायच्या तयारीत होते, त्यांचाही आवाज तिथेच उतरला. मॅडम तर उठून खिडकीपाशी गेल्या. वर्षभर गोळ्या मोजल्या, पण पोटं कोणाची भरली ते विचारायचं राहून गेलं, असं त्या नंतर भागूबाईला म्हणाल्या. चूक त्यांची नव्हती. असली चूक पुस्तकात लिहिलेलीच नसते.

त्या दुपारी सुनीलने दोघांना यंत्राच्या खोलीच्या दारात बसवून पेशींचं सगळं समजावलं. भागूबाईला शाळा चौथीपर्यंतची, पण डोकं पहिल्या नंबरचं. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या रोगाशी लढतात, इथपर्यंत तिला माहीत होतं. सुनीलने सांगितलं की त्यातल्या दोन जाती इथे मोजतात. एकीचं नाव सीडी-फोर. ती स्वतः फारसं मारत नाही, पण रोग आला की बाकीच्यांना हाका घालते, कोणी कुठे जायचं ते सांगते. दुसरी सीडी-एट. ती रोग शिरलेली पेशी हुडकून तोडून टाकते. निरोगी माणसात पहिलीची संख्या दुसरीपेक्षा जास्त असते, दीडपट, कधी दुप्पट. हा विषाणू शिरतो तो नेमका पहिलीत. तिच्याच पोटात आपली पिल्लं वाढवतो आणि तिला संपवतो. मग पहिलीची संख्या घटत जाते आणि दुसरी वाढते, त्यामुळे सगळं उलटं होऊन बसतं. पुंजारामच्या रक्तात तेव्हा पहिली शहाण्णव होती आणि दुसरी नऊशेच्या वर.

भागूबाईने ते तिच्या पद्धतीने मांडलं. "म्हंजी पयली मुकादम. आन् दुसरी कोयतं. ह्यो रोग मुकादमालाच गाठतो. मंग कोयतं नुसतं वाढून काय उपेग? कोन्च्या फडात जायाचं त्येच कुनी सांगंना."

सुनील म्हणाला, मावशी, इतकी वर्षं मी हे लोकांना सांगतोय, असं सोपं मला कधी जमलं नाही. पुढे कितीतरी पेशंटना तो तिचंच उदाहरण द्यायचा. ऊस तोडणाऱ्यांचा मुलुख, झटकन कळायचं. आपण बोललेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकून भागूबाई अशी काही फुशारायची की विचारू नका.

पण त्या दिवशी फुशारायची वेळ नव्हती. सुनीलने पुढचंही सांगितलं. औषध पुरतं मिळालं तर विषाणू गप्प बसतो आणि मुकादम हळूहळू परत उभे राहतात. अर्धवट मिळालं तर विषाणू मरत तर नाहीच, उलट त्या औषधाला सरावतो. मग ती गोळी पुरती घेतली तरी चालत नाही. पुंजारामच्या बाबतीत बहुधा तसंच झालं होतं. त्याचे कागद वर पाठवायला लागणार होते, रक्त मोठ्या शहरात तपासायला जाणार होतं, आणि मग दुसऱ्या, जास्त जोराच्या गोळ्या मंजूर झाल्या तर मिळणार होत्या. तोवर आकडा किती उतरेल ते कोणी सांगू शकत नव्हतं. भागूबाईची संध्याकाळची गोळी अर्थातच बंद झाली.

त्या साली त्यांचा कोयता मोडला. वाल्मिक मुकादम दिवाळीआधी येऊन बसला, पुंजारामकडे बघितलं आणि काही न बोलता चहा पिऊन गेला. बिचाऱ्याचा स्वभाव वाईट नव्हता, पण अर्ध्या कोयत्याचं तो तरी काय करणार. कुलपं लागलेल्या वस्तीत हे दोघंच राहिले. भागूबाई करंजीकडे कांद्याच्या खुरपणीला जायची. नव्या गोळ्या फेब्रुवारीत आल्या. मोठमोठ्या, गिळताना डोळ्यांत पाणी आणणाऱ्या. सकाळ-संध्याकाळ ती समोर उभी राहून पुंजारामला त्या घ्यायला लावायची, आणि घेतल्यावर तोंड उघडून दाखवा म्हणायची. न जाणो, या माणसाने एखादी गालात धरून तिच्यासाठी ठेवली तर! त्याचा भरवसा तिला अजूनही नाही.

सहा महिन्यांनी आकडा मोजला. त्या दिवशी एसटीत ती कोणाशी बोलली नाही. एकशे एकाहत्तर आला. नुसता शंभराच्या पुढे गेला तरी म्हणून तिने दोन नारळ बोलले होते, तिसरा खुशीने वाढवला. नंतर दोनशे साठ, तीनशे वीस. पुंजारामच्या गालांचे खड्डे भरले, आणि पहिल्यासारखा तो मोठ्या तुकड्यावरून भांडायला लागला. तिकडे तिचा आकडा मात्र पाचशेवरून उतरत उतरत तीनशे साठपर्यंत आला. तिला त्याचं काही वाटलं नाही. नियमाप्रमाणे अजून थोडा उतरला की तिला तिची स्वतःची बाटली मिळणार होती. तेवढ्यात दोन हजार सतरामध्ये नियमच बदलला. आकडा कितीही असो, आजार निघाला की गोळी. राजेश्वरी मॅडमनी तिच्या हातात बाटली ठेवली आणि म्हणाल्या, ही तुमची एकटीची. भागूबाईने ती पदराला पुसली. घरी जाऊन हिरव्या लुगड्याची चिंधी फाडून बाटलीच्या गळ्याला बांधली, म्हणजे चुकूनसुद्धा सरमिसळ नको. बाटल्या बदलल्या, गोळ्याही बदलल्या, आता तिला दिवसाला एकच घ्यावी लागते, पण नव्या बाटलीला तीच चिंधी.

ऊसतोड पुन्हा केली नाही. तीन शेळ्यांच्या अकरा झाल्या. ज्ञानेश्वरीचं लग्न झालं, जावई नागापूरच्या कारखान्यात कामाला आहे आणि केडगावात दोन खोल्यांचं घर आहे. नगरच्या खेपेला लेकीकडे मुक्काम ठरलेला. सुख सुख म्हणतात ते याहून फार वेगळं असेल असं भागूबाईला वाटत नाही.

आणि आता हा खोकला.

बाकावर दोन तास झाले. शेवटी यंत्राच्या खोलीचं दार उघडलं आणि सुनील स्वतः चिठ्ठी घेऊन आला. कानशिलं पांढरी झालीयत, चष्मा आणखी जाड झालाय. भागूबाईने त्याच्या हाताकडे बघितलंच नाही, चेहऱ्याकडे बघितलं. त्या जुन्या दिवशीसारखा त्याने चष्मा काढला नाही, तेव्हा तिला श्वास आला.

"मावशी, सहाशे बारा," सुनील म्हणाला. "आन् कोयतं पाचशे अठ्ठ्याऐंशी. तुमचा मुकादम वरचढ झाला बघा."

तिला नीट कळावं म्हणून त्याने समजावून सांगितलं. नुसता सीडी-फोरचा आकडा पुष्कळ लोकांचा चांगला होतो, पण सीडी-एट वर्षानुवर्षं चढेच राहतात, उलटं झालेलं सुलट होता होत नाही. पुंजारामइतका खाली गेलेला माणूस इथवर परत आलेला त्याने फार थोडा पाहिलाय. अकरा वर्षं एक गोळी न चुकवल्याचं हे फळ. खोकला धुळीचा निघाला. बाजरीच्या मळणीत तोंडाला फडकं बांधायचं नाही, असा कुठे त्याने नवस केला होता का, म्हणून भागूबाईने तिथल्या तिथे नवऱ्याची खरडपट्टी काढली. मग शेवगावच्या बाईकडे वळून तिचं माहेर विचारलं. भाळवणी निघालं. भाळवणीत भागूबाईच्या मावसभावाची सासुरवाडी आहे, हे ओघाने आलंच.

बाहेर फाटकापाशी पेरूवाला होता. पुंजारामने एक मोठा पेरू घेतला, मीठ-तिखट लावून घेतलं. दोघं झाडाच्या पारावर बसली. तो पेरू मोडत होता, तेव्हा इतकी वर्षं पोटात ठेवलेलं भागूबाईच्या तोंडून निघून गेलं.

"त्या टायमाला स्टँडवर म्या बोलले नसते, तर तुमी तुमची गोळी मला दिली नसती. समदं माज्यामुळं झालं. डाक्टरम्होरं तुमी उगं आपल्यावर घेतलं."

पुंजाराम पेरूच्या बिया बघत राहिला. त्याला आठवायला वेळ लागला, की आठवत होतं पण बोलायला वेळ लागला, ते तोच जाणे.

"तू काय बोल्लीस, मला याद बी न्हाई," तो म्हणाला. "मॅडमनं बाटली हातात दिली तवाच म्या ठरीवलं हुतं. येकटा जगून काय करू? अर्ध्या कोयत्याला टोळीत कोन घेतंय?"

भागूबाईने पदर तोंडाला लावला. अकरा वर्षं ज्या ओझ्याखाली ती चालली होती, ते या माणसाने पेरू खाता खाता खाली उतरवलं होतं. ती रडली, आणि ते आता निम्मं नाही, सगळंच आनंदाचं होतं. मग तिला राग आला, की ही गोष्ट याने आधी का नाही सांगितली. तसं तिने त्याला सुनावलंही. तो म्हणाला, तू इचारलंस कुठं.

पेरूचे दोन तुकडे झाले होते. मोठा तुकडा त्याने तिच्यापुढे धरला, तिने तो परत त्याच्याकडे ढकलला, आणि रिक्षा थांबेपर्यंत तेच चाललं. संध्याकाळी केडगावात लेकीने जेवणं वाढली. एका ताटात दोघं जेवली. जेवण झाल्यावर भागूबाईने पिशवीतून बाटल्या काढल्या, चिंधीची बाटली आपल्याकडे घेतली आणि त्याच्या गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या. त्याने त्या पाण्याबरोबर घेतल्या आणि न सांगता तोंड उघडून दाखवलं.